शेवटच्या घरातला आकडा

माने सरांची आठवण झाली की मला आधी राग येतो. माया, आदर वगैरे जे काय असतं ते मागाहून, चहा पिऊन झाल्यावर. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. सरांवर चार ओळी लिहून द्या म्हणाला, काहीतरी प्रेरणादायी हवं होतं त्याला. मी लिहायला बसले आणि चार ओळींत सहा जणांवर चिडले. त्या सहांत एक मी स्वतः होते. तेव्हा प्रेरणा ज्यांना हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं.

श्रीपती ज्ञानू माने इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि मी गणित, रोज सांगलीच्या घरून एस.टी.ने येऊन-जाऊन. त्र्याहत्तर साली मी नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी नुकती चाळिशी ओलांडली होती. काळासावळा उंच माणूस. पांढरी पँट, आणि शाईचा डाग नाही असा शर्ट मी त्यांच्या अंगात कधी पाहिला नाही. मूळचे आटपाडीकडचे. वडील मेंढरं राखायचे, दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. लहानपणी सरांनी सगळा अभ्यास मेंढरांवर नजर ठेवत, काठीला रेलून, उभ्यानेच केलेला. ती सवय शेवटपर्यंत गेली नाही. स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीवर कायम इतरांचे डबे ठेवलेले असायचे. ते स्वतः प्रयोगशाळेतल्या उंच टेबलाशी उभे राहून लिहीत, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून. नव्या प्राचार्यांनी एकदा काळजीने विचारलं, "माने, तुम्हाला बसायचा काही त्रास आहे का?" सर म्हणाले, "बसलं की झोप येतीया साहेब."

बोलणं गावाकडचं, आणि वर्गातही तेच. पहिल्या वर्षाची पोरं जूनमध्ये तोंडावर हात ठेवून हसायची. पहिली चाचणी झाली की हसणं बंद. कुणी फळ्यावर "घर्षण शून्य" असं लिहिलं की सर विचारायचे, "धरून चाललाईस, का बगितलंयस?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. शिपायाने "प्राचार्य घरी गेले" म्हणून सांगितलं तर त्यालाही. मला तर दिवसातून दोनदा. डोक्यात जायचा तो प्रश्न.

एका वर्षी लंबकाच्या प्रयोगावरून मोठं रामायण झालं. लंबकाचा झोका मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा, असा तो प्रयोग. पुस्तकात नऊशे एक्क्याऐंशी दिलेला असतो, त्यामुळे वर्गातल्या सगळ्या वह्यांत नऊशे एक्क्याऐंशीच आला. एका मुलीच्या वहीत तेवढा एक हजार तीन. सरांनी तिला पैकीच्या पैकी दिले आणि बाकी सगळ्यांना शून्य. त्या बाकीच्यांत संस्थेच्या एका बड्या माणसाचा पुतण्या होता. प्राचार्यांचा चेहरा पडला, आणि अशा वेळी माने सरांना समजवायला पाठवायचं माणूस म्हणजे मी.

"आवं बाई," सर म्हणाले, "आपल्या प्रयोगशाळेतली मोजपट्टी एका टोकाला सेंटिमीटरभर झिजलीया. तिनं मापलं तर हजाराच्या आसपासच येतंय. सात वर्सं बघतोय मी. नऊशे एक्क्याऐंशी यायचा म्हंजी त्यो चोरूनच यायला पायजे."

"मग नवी पट्टी का नाही मागवत?"

"मागिवलीया. सात वर्सं."

शून्याचे पाच करावे लागले ते शेवटी प्राचार्यांनीच केले. सरांनी त्या यादीवर सही केली नाही. त्याचं उट्टं म्हणून की काय, त्या वर्षी संमेलनात माईकची जबाबदारी त्यांच्यावर आली. फिजिक्सचा माणूस आहे, माईक बघेल! पाहुण्यांचं भाषण सुरू असताना माईक शिट्ट्या मारत राहिला आणि सर खांबामागे उभे राहून खिशातल्या कागदावर काहीतरी सोडवत राहिले. आठवड्याला चोवीस तास शिकवायचं, दुपारी प्रात्यक्षिकं, वर असल्या बेगाऱ्या. उरलेल्या वेळात हा माणूस काय करत होता ते मला चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यापर्यंत माहीत नव्हतं.

तो उन्हाळा सुरू होताना त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि विचारलं, "बाई, एका भांड्यातनं समदं काढून घ्या. हवा काढा, उजेड काढा, ऊब काढा. काय ऱ्हातंय?"

"काही नाही."

"तितंच चुकताय. समदं काढल्यावर जे ऱ्हातंय त्येला निर्वात म्हणायचं. आन् ते तळाला टेकलंय, त्याच्याखाली काय न्हाई, असं आपण धरून चाललोय."

मग ते मेंढरांवर आले. मेंढरं एका खबदाडात बसली आहेत. त्यांना वाटतं हाच तळ. डोंगराच्या पलीकडे आणखी खोल कुरण आहे, पण मेंढरू काही डोंगर चढत नाही, म्हणून कळप सुखात. "पर बारीक कणांची गत येगळी," सर म्हणाले. "त्यातलं एखांदं मेंढरू डोंगर न चढताच पल्याड गावतंय. टनेलिंग म्हणत्यात त्येला. आन् एक पल्याड गेलं की त्याच्यामागनं समदा कळप."

म्हणजे आपण ज्या निर्वातात राहतो तोच जर वरच्या खबदाडातला असला, तर एक दिवस कुठेतरी एक थेंबाएवढा बुडबुडा पलीकडच्या तळाचा तयार होईल आणि उजेडाच्या वेगाने पसरत जाईल. कणांचे नियमच बदलतील. इस्लामपूर, कराड, कोरेगाव, कुणालाच कळायलाही वेळ मिळणार नाही. हे सगळं सरांनी मला अगदी एस.टी.चं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. महिन्यातून दोनदा ते कोल्हापूरच्या ग्रंथालयात जायचे. बोटीने येणारी परदेशी मासिकं सहा-सहा महिने उशिरा लागायची, त्यांतले लेख ते फुलस्केपवर हाताने उतरवून आणायचे. अशाच कुठल्याशा लेखात त्यांना हा प्रश्न सापडला होता आणि त्यांनी तो सोडवायला घेतला होता. गावात या विषयातलं एक अक्षर कळणारा दुसरा माणूस नव्हता. मला गणित कळायचं, पदार्थ कळायचा नाही. म्हणून मी.

सोडवायची रीत ऐकायला सोपी होती. डोंगरदऱ्या उलट्या करायच्या, म्हणजे दोन दऱ्यांचे दोन माथे होतात, एक उंच आणि एक ठेंगणा. उंच माथ्याजवळून एक चेंडू सोडायचा. तो मधल्या दरीतून जाऊन ठेंगण्या माथ्यावर नेमका टेकला, तर पलीकडे जायची वाट आहे, आणि किती काळाने जाईल तेही त्यावरून निघतं. वाटेत घर्षण आहे. सुरुवातीला जबर, पुढे कमी कमी होत जाणारं. चेंडू माथ्यापासून जरा लांब ठेवून सोडला तर अलीकडेच अडतो. जवळ ठेवला तर कदाचित पलीकडे निघून जातो. एकदा अडला आणि एकदा निघून गेला, की मध्ये कुठेतरी नेमकी जागा असणारच. पण दर वेळी अडतच राहिला तर वाट नाही, निर्वात पक्का, जग टिकलं. एकेका सोडण्याला पाच दशांश घरांपर्यंत दीड-दोनशे ओळींचं गणित. आमच्याकडे होती फक्त परीक्षेची लॉगची पुस्तकं.

आणि इथे सरांना जे सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. गावाबाहेरच्या साखर कारखान्यात हँडल फिरवून गुणाकार-भागाकार करायचं एक यंत्र होतं. उन्हाळ्यात गाळप बंद, यंत्र मोकळं आणि काट्यावरचे कारकूनही मोकळे. कारखान्यातले बापू जगताप हे ऊस वजन करायच्या काट्यावर वीस वर्षं बसलेले. पन्नाशीचे, टोपी कपाळावर ओढलेली, हस्ताक्षर असं की छापील वाटावं. सरांनी त्यांना पट्टीने रकाने आखून दिले. ह्या रकान्यातलं ह्याने गुणायचं, त्यात हे मिळवायचं, खालच्या ओळीत न्यायचं. बापूंनी विचारलं, "सर, ह्ये हाय तरी काय?" सरांनी मेंढरांची गोष्ट सांगितली. बापूंनी यंत्राच्या हँडलवरचा हात काढला.

"म्हंजी समदंच जाणार व्हय?"

"जाईल, न्हाईतर न्हाई. तेच काढायचंय."

"औंदाचा ऊस तरी निघंल न्हवं?"

"त्येवडा निघंल."

मग बापूंनी जे काम हातात घेतलं ते दोन उन्हाळे सोडलं नाही. सोमवारी सकाळी ते स्वतः सायकलवरून कागद घेऊन यायचे. गणितातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण शेवटच्या ओळीत चेंडू अडला म्हणजे जग टिकलं, एवढं पक्कं कळलं होतं. फाटकातूनच हात वर करून ओरडायचे, "टिकलं!" शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे हसायचे. सर कागद घेऊन पहिली ओळ तपासायचे, शेवटची बघायचे आणि पुढचा आकडा द्यायचे. चेंडू माथ्याच्या आणखी जवळ. तरी टिकलं. आणखी जवळ. तरी टिकलं. पंचाहत्तरच्या पावसाळ्यापर्यंत एकही चेंडू पलीकडे गेला नव्हता, आणि सरांनी लेख लिहायला घेतला होता की अशा खबदाडातला निर्वात कायमचा पक्का आहे.

त्याच सुमारास सांगलीत फिजिक्सच्या शिक्षकांसाठी दिवाळीच्या सुट्टीत एक परिसंवाद ठरला. मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ येणार होते. सरांनी त्यांना लेखाचा गोषवारा पाठवला. उत्तर आलं ते सरांनी मला दाखवलं. परिसंवादात हे मांडा, काम नीट उभं राहिलं तर जूनपासून दोन वर्षं आमच्याकडे या, असं त्यात होतं. वय बसत होतं, पण जेमतेम. पुढच्या वर्षी बसलं नसतं. आयुष्यभर एकट्याने, उभ्याने, हाताने उतरवून काढलेल्या लेखांवर जगलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा या म्हटलं होतं.

जायच्या आठवडाभर आधी सरांनी मला एक ताव दिला. "बाई, ह्यो एक तुमी तपासा. पयल्यापासनं. दुसऱ्याची नजर पायजे."

आता हे लिहितेच. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. घरी पाहुणे होते. कारणं भरपूर होती, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं कारण हे, की मला कंटाळा आला होता. मेंढरांचा, चेंडूचा, "धरून चालताय का" या प्रश्नाचा. मी तो ताव पर्समध्ये घालून सांगलीला नेला आणि परत आणला. सकाळच्या एस.टी.त, अर्ध्या वाटेत कुठेतरी, मांडीवर ठेवून प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. एकशे साठ खुणा. सरांनी विचारलं, "नीट हाय न्हवं?" मी म्हणाले, "अगदी."

परिसंवादाला मीही गेले. घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. सर नवा शर्ट घालून आले होते, तोही दुपारपर्यंत डागळलाच. इंग्रजीत बोलले, आणि वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ चांगलं बोलले. फळ्यावर उलटे डोंगर काढले, चेंडू सोडला, कोष्टक दाखवलं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ पहिल्या रांगेत मान हलवत होते. मग मागून एक दाढीवाला तरुण उठला. त्यांच्याच संस्थेतला, पंचविशीतला, अत्यंत नम्र. त्या नम्रपणाचाच मला जास्त राग आला.

तो म्हणाला, "सर, चेंडू माथ्याच्या हवा तितका जवळ ठेवायची मोकळीक आहे ना? मग तो हवा तितका वेळ तिथंच रेंगाळेल. निघेल तोवर घर्षण जवळजवळ संपलेलं असेल. उंच माथ्यावरून निघालेला चेंडू, घर्षण नाही, मग ठेंगण्या माथ्यावर अडेल कशानं?"

सर फळ्याकडे वळले. खडू त्यांनी उंच माथ्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. मी गणिताची. मला ते त्याच क्षणी कळलं. दोन ओळींचा युक्तिवाद होता, त्यात कुठेही फट नव्हती. चेंडू पलीकडे जायलाच हवा. मग कोष्टक चूक. मग त्यातला माझ्या एकशे साठ खुणांचा ताव चूक. मी मांडीवरची पर्स बंद केली.

सर वळून इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही बरोबर आहात. मी पुन्हा बघतो." आणि खाली उतरले. ज्येष्ठांनी चहाच्या वेळी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बघून कळवा म्हणाले. खांद्यावर हात ठेवणारी माणसं मला तेव्हापासून आवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर आणि मी कारखान्यात गेलो. हंगाम तोंडावर आलेला, उसाच्या दोन-चार गाड्या येऊन लागलेल्या. बापू काट्याच्या खोलीत होते. सरांनी त्यांच्यापुढे यंत्र ठेवलं आणि म्हणाले, "बापू, माझ्याम्होरं दोन वळी करा." आकडा दिला, शून्य दशांश, पुढे पाच वेळा नऊ; उंच माथा म्हणजे पुरता एक. बापूंनी पहिली ओळ झरझर केली. पक्क्या कागदावर उत्तर पाचही घरांनी लिहिलं. मग कच्च्या कागदावर दुसऱ्या ओळीसाठी आकडा उतरवून घेतला. चार घरं तशीच, पाचव्याच्या जागी शून्य.

"शेवटला आकडा कुटं गेला?" सरांनी विचारलं.

"त्यो सोडला की."

"का?"

बापूंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिडकीतून काट्याकडे हात केला. काट्यावर बैलगाडी उभी होती, बैल पाय बदलत होते, तबकडीवरचा काटा शेवटच्या खुणेपाशी थरथरत होता. "आवं सर, बैल हालत्यात. शेवटला आकडा कवाच थांबत न्हाई. थांबायची वाट बघितली तर मागं लाईन लागतीया. म्हून हालतंय ते सोडायचं, आन् ठरलंय त्येवडंच म्होरं घ्यायचं. वीस वर्सं तसंच करतोय."

चेंडू माथ्याच्या जितका जवळ ठेवावा, त्याच्या दहापट लांब बापू त्याला नेऊन ठेवत होते. प्रत्येक ओळीला. दोन उन्हाळे. पहिल्या ओळीत चूक दिसायची नाही, कारण तिथे पुढे न्यायचं काही नसतंच. दुसरी ओळ ज्याने ताडून बघितली असती त्याला दिसलं असतं.

सर चिडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "दोन वर्सं, बापू! दोन वर्सं! मी पाच घरं का आखली हुती? शोभतंय व्हय?" ते ओरडत होते, बाहेर गाडीवान माना वळवून बघत होते. बापू उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सर, आमाला वाटलं बरूबर चाललंय. दर सोमवारी टिकत हुतं की." त्यावर सरांचा आवाज एकदम बसला. ते गाडीअड्ड्यातून सरळ चालत निघाले. मीही मागोमाग. तीन मैलांची वाट. त्या तीन मैलांत मला चारदा सांगता आलं असतं, आणि चारही वेळा मी उन्हाबद्दल बोलले.

हंगाम सुरू झाला, यंत्र गेलं ते मे महिन्यापर्यंत. शहात्तरच्या उन्हाळ्यात बापूंनीच ते मागून आणून दिलं, स्वतःच्या सायकलवर, धोतरात गुंडाळून. हँडलला मात्र हात लावायला तयार होईनात. म्हणाले, "माजा हात इमानी न्हाई ह्या कामाला." मग सर हँडल फिरवायचे आणि मी लिहायचे. दर ओळ मी तपासत होते. दर ओळ दोनदा. सहा आठवडे, उन्हाची काहिली, सर उभे आणि मी स्टुलावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक चेंडू माथा ओलांडून पलीकडे गेला. त्याच्या आधीचा अडला होता. मधला आकडा घेत घेत आम्ही नेमक्या जागेपाशी आलो आणि उत्तर निघालं. जग पक्कं नव्हतं, पण जायला लागणारा काळ एवढा प्रचंड होता की लिहायला कागद पुरला नसता. बापूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी टिकलंच की, आपल्यापुरतं."

सरांनी मुंबईला सगळं लिहून पाठवलं. पावसाळ्यात उत्तर आलं. सरांनी ते प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"जुळतंय!" ते म्हणाले. "बाई, तिसऱ्या घरापातुर जुळतंय!"

मी पत्र घेतलं. त्या दाढीवाल्या तरुणाने हाच प्रश्न त्यांच्या संगणकावर घातला होता. अकरा मिनिटांत उत्तर आलं होतं. आमचा आकडा त्याच्याशी जुळतो, कष्ट कौतुकास्पद आहेत, जागा मात्र जूनमध्ये भरली, पुढे वयाची अडचण आहे, शुभेच्छा. मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"सर, त्यांनी तुम्हाला बोलावलेलं नाहीये. वाचलंत का नीट?"

"वाचलं की. पर जुळतंय, बाई."

असा हा माणूस. काय करायचं अशा माणसाचं? मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. मी म्हटलं, हे पत्र घेऊन भांडा, जा मुंबईला, दारात उभे राहा. ते हसले आणि बारावीच्या प्रात्यक्षिकांसाठी बॅटरीच्या तारा घासत बसले. बसले म्हणजे उभेच.

पुढच्या वर्षी संस्थेने पूर्वेकडच्या दुष्काळी भागात नवं कॉलेज काढलं आणि सरांची तिकडे बदली केली. तुमच्या गावाकडचंच आहे, सोयीचं होईल, असं प्राचार्य म्हणाले. तिथे प्रयोगशाळा नव्हती, इमारतही अर्धीच होती. मी इस्लामपूरच्या स्टँडवर पोचवायला गेले. सामान एक ट्रंक आणि फुलस्केप कागदांची दोन गाठोडी. आटपाडीची गाडी लागली, सरांना खिडकीची जागा मिळाली. त्यांना मी पहिल्यांदाच इतका वेळ बसलेलं पाहत होते. कंडक्टरने घंटी दिली आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सर, तो ताव मी तपासला नव्हता. सांगलीच्या आधीचा. मी नुसत्या खुणा केल्या होत्या."

"ठावं हाय."

"कसं?"

"एकशेसाट खुणा, समद्या एकसारख्या. कुटं थांबलेली न्हाई, कुटं खोडलेली न्हाई. तपासणारा माणूस चार ठिकाणी तरी अडतोय की. त्याच दिशी वळखलं मी."

इंजिन सुरू झालं. मी खिडकीचा गज धरून ओरडले, "मग बोलला का नाहीत? दुसऱ्याला का नाही दाखवलंत? स्वतः का नाही बघितलंत?"

सर म्हणाले, "मलाबी ते बरूबरच यायला पायजे हुतं, बाई."

गाडी हलली. मी गज सोडला. अकराचा तास होता माझा, तो घ्यायला मी कॉलेजात परत आले.